गाण्यातला शेतकरी शेवटच्या कडव्यातच का मरतो?

यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एका सरांनी विचारलं आहे: मुलं दरवर्षी गॅदरिंगला शेतकरी आत्महत्येवरचं गाणं बसवतात, प्रेमभंगाच्या गाण्यांवर नाचतात, मोबाइलच्या स्टेटसला मरणाच्या ओळी ठेवतात. लोकप्रिय गाण्यांत आत्महत्या नेमकी कशी येते, त्यातून आपल्या समाजाचं मन काय दिसतं, आणि असली गाणी बंद करावीत का?

सर, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. बंद करू नका, शेवटचं कडवं बदला. बाकीचं उत्तर लांब आहे.

मी अठरा वर्षं विदर्भातल्या गावांत मानसिक आरोग्याचं काम करते. ओपीडी, गावभेटी, आणि एखाद्या घरात घडून गेल्यावर त्या घरी जाणं. संगीतातलं मला काही कळत नाही, भजनात माझा टाळसुद्धा चुकतो. पण गाणी ऐकावी लागतात. समोरचा माणूस जे सरळ बोलत नाही ते कितीदा तरी गाण्याच्या आडून सांगतो.

चार-पाच वर्षांपूर्वी एका शाळेत गॅदरिंगला पाहुणी म्हणून गेले होते. स्टेजवर थर्माकोलची बैलजोडी, नववीतला पोरगा धोतर-पागोट्यात. पहिल्या कडव्यात पेरणी, दुसऱ्यात पावसाची दडी, तिसऱ्यात काळा चष्मा लावून बगलेत वही घेतलेला सावकार. (आता दारात सावकारापेक्षा मायक्रोफायनान्सचा हप्तेवालाच जास्त दिसतो, पण गाण्यात अजून सावकारच आहे.) चौथ्या कडव्यात मरण. ते कसं दाखवलं ते इथे लिहीत नाही. दोन मिनिटं चाललं. निवेदन करणाऱ्या मॅडमचा आवाज भरून आला, परीक्षकांनी डोळे पुसले, पहिलं बक्षीस तिथल्या तिथेच जाहीर झालं.

तिसऱ्या रांगेत सातवीतली एक मुलगी होती. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी तसेच गेले होते, त्या घरी मी जाऊन आले होते. ती रडत नव्हती. वेणीची रिबन बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. आधी शेजारणीनं तिच्याकडे पाहिलं, मग पुढच्या रांगेतल्या दोघी मागे वळून बघू लागल्या. टाळ्या सुरू झाल्या तेव्हा तिनेही वाजवल्या.

नंतर चहाच्या वेळी मी त्या नाचातल्या पोरांना विचारलं, "शेवटी त्याला जगवता नसता आला का रे?" एक म्हणाला, "मॅडम, मेल्याशिवाय गाण्याले मजा नाही येत." ते मी सोडून दिलं. पण पागोटंवाला पोरगा बिस्किट बुडवता बुडवता सहज बोलून गेला, "जित्तेपणी कोन आयकते?"

तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या पोराच्या वाक्यात आहे. आपल्या गाण्यांमध्ये आत्महत्या ही बहुतेक वेळा बोलण्याचं साधन म्हणून येते. जगताना ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याचं मेल्यावर सगळं गाव ऐकतं, बायको रडते, साहेब मान खाली घालतो, प्रेयसी पस्तावते. गाणं मेलेल्याला श्रोते मिळवून देतं. आणि समोर बसलेल्या पंधरा वर्षांच्या पोराला हा सौदा वाईट वाटत नाही, कारण गाण्यातला मेलेला माणूस त्या टाळ्या ऐकतोय असंच सगळं रचलेलं असतं. प्रत्यक्षात ज्या घरी मी जाते तिथे ऐकणारा उरलेलाच नसतो. उरलेली असतात ती त्याला विचारायचे राहून गेलेले प्रश्न घेऊन बसलेली माणसं.

सगळी मरणं एका पोत्यात घालू नका, हे मात्र आधी सांगायला हवं. आपल्या भाषेत मरण फार सैल हाताने वापरलं जातं. जीव लावणं, जीव टाकणं, जीव ओवाळणं, जीवावर येणं, जीव देणं, नुसतं क्रियापद बदललं की माणूस मायेतून मरणात जातो. तुकोबा आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहतात तेव्हा मरतो तो अहंकार. भजनात देह सोडायची गोष्ट येते तीही तशीच. गावच्या भजनी मंडळाचं गाणं आणि डीजेवरचं 'तुझ्यासाठी जीव देईन' एकाच मापाने मोजलं तर म्हातारी माणसं आपल्यावर हसतील, आणि बरोबर हसतील.

प्रेमाच्या गाण्यांवर मी फार वेळ घालवत नाही. तिथे जीव देणं हा प्रेमाचा पुरावा असतो, बाकी काही नाही. शंभरातल्या नव्याण्णव पोरांसाठी ती नुसती बोलायची पद्धत असते. प्रेमभंग हेच आत्महत्येचं मोठं कारण, अशी जी समजूत गाण्यांनी करून दिली आहे, तिला मात्र आकड्यांचा आधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालात २०२२ साली देशात सर्व वयांच्या मिळून १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात कौटुंबिक अडचणी ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के आणि प्रेमप्रकरणं ४.५ टक्के. आजारपणावर, पोटदुखीवर, न संपणाऱ्या औषधांवर कुणी गाणं केलंय का? नाही, कारण त्याला चाल लागत नाही. अर्थात हे आकडेही जपून वाचावेत. पोलिसांच्या कागदावर एका मरणाला एकच कारण लिहिलं जातं.

एकच कारण. खरी गडबड इथेच आहे, आणि शेतकऱ्यावरच्या गाण्यांत ती सगळ्यात जास्त आहे.

ऐंशीच्या दशकात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची घोषणा होती, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. त्या सभांमधला शेतकरी भांडत होता, रस्त्यावर बसत होता, जेलात जात होता. तो जित्ता होता. त्याच दशकात, १९ मार्च १९८६ रोजी, यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाने पवनारजवळ दत्तपूरला जाऊन आपलं आयुष्य संपवलं. महाराष्ट्रात सर्वदूर चर्चा झालेली ती पहिली शेतकरी आत्महत्या म्हणतात, आणि आता दरवर्षी त्या तारखेला अनेक जण अन्नत्याग करतात. पण तेव्हा तिची गाणी झाली नाहीत. गाणी आली ती नंतर. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, कॅमेरे गावोगाव फिरले. 'आत्महत्याग्रस्त' हा शब्द जिल्ह्यांना चिकटला तो त्या वर्षांत. गाण्यांनीही मग तोच शेतकरी उचलला. माझ्या कानांना तरी फरक असा जाणवला की भांडणारा शेतकरी गाण्यातून हळूहळू निघून गेला आणि त्याच्या जागी फोटोतला, हार घातलेला आला.

'बळीराजा' शब्दाचंच बघा. आपल्याकडे दिवाळीला बाया ओवाळताना म्हणतात, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.' त्या म्हणण्यात बळी परत येणारा आहे. गाण्यांनी त्याच शब्दातला दुसरा बळी काढला, वेदीवरचा. पोशिंदा जगाला जगवून स्वतः गेला, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला गहिवर येतो आणि त्याची जबाबदारीही तिथेच फिटते. हुतात्म्याला हार घालायचा असतो, त्याच्या कापसाच्या भावाबद्दल काही करायचं नसतं.

या गाण्यांचं आणि तहसील कचेरीतल्या कागदाचं एक विचित्र नातं आहे. जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना एक लाखाची मदत ठरली, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. पण आधी प्रकरण 'पात्र' ठरायला हवं. बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, नापिकीमुळे ते न फिटणं, वसुलीचा तगादा. हे जुळलं नाही की 'अपात्र'. दारू, आजारपण, मनाचा आजार, भावकीतला धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद, पोरीच्या लग्नाचा खर्च, दोन वर्षं न लागलेली झोप हे सगळं ज्या घरात एकत्र असतं, ते घरही समितीसमोर फक्त कर्ज बोलतं. बोलावंच लागतं. गाण्याचंही तसंच असतं, चार कडव्यांत एकच कारण बसतं. मग गावात पुढचा माणूस खचायला लागला की लोक विचारतात, "त्याच्यावर कर्ज किती?" कर्ज फार नसलं की निश्चिंत होतात. 'त्याले काय झालं, चांगला तर आहे.' अशी दोन घरं मी पाहिली आहेत.

मी कर्जाला कमी लेखते आहे असं कुणी समजू नये. शेतमालाच्या भावाचा प्रश्न समुपदेशनाने सुटत नाही, आणि तो तसा सुटेल असं सांगणाऱ्या कार्यक्रमांना मी जात नाही. माझं म्हणणं एवढंच की गरिबीतून मरणाकडे जाणारा रस्ता गाण्यात जितका सरळ आहे तितका तो नसतो. मध्ये थांबे असतात. बहुतेक माणसं शेवटपर्यंत कुचंबत असतात, एक मन जगायचं म्हणतं, एक नाही म्हणतं. गाण्यात ही कुचंबणा येतच नाही. तिथे माणूस ठरवतो आणि जातो. आणि ओपीडीत पाहावं तर जगलेले लोक महिना-दोन महिन्यांनी म्हणतात, "मॅडम, तेव्हा मले काय झालं होतं मलेच समजत नाही."

बायांचं काय? शेतकऱ्याच्या गाण्यात ती शेवटी येते, कपाळ पुसलेली, लेकराला कवटाळलेली. तिचं काम रडण्याचं. मी ज्यांना भेटते त्या तेराव्यानंतर तलाठ्याकडे वारस नोंदीला खेटे घालतात, दिराशी सातबाऱ्यावरून भांडतात, आणि मृग लागला की पेरतात. या पेरणीवर गाणं नाही. ती स्वतः गेली तर त्यावरही नाही. २०२२ च्या त्याच अहवालात ४८ हजारांवर स्त्रियांच्या आत्महत्या आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त 'गृहिणी' या रकान्यात. दिवसभर निंदणाला जाणारी, कापूस वेचणारी बाई, सातबारा नावावर नाही म्हणून मेल्यावर गृहिणी होते. गावात तिच्याबद्दल दोनच वाक्यं निघतात. 'घरात काहीतरी भानगड असेल' नाहीतर 'डोक्याने कमी होती'. पुरुष गेला तर व्यवस्थेचा बळी, बाई गेली तर चारित्र्याची शंका.

पण बायांची जुनी गाणी वेगळी आहेत, आणि मला या सगळ्या विषयात सर्वात जास्त शिकवलं ते त्यांनी. दारव्ह्याकडच्या एक आजी गुडघ्यांसाठी दवाखान्यात यायच्या आणि वाट बघता बघता माझ्या खोलीत येऊन बसायच्या. त्यांना जात्यावरच्या ओव्या यायच्या. एका ओवीत पहिल्या ओळीत सासुरवास आणि विहीर होती, स्पष्ट, आडपडदा नाही. माझे कान टवकारले. दुसऱ्या ओळीत दिवाळीला माहेरी न्यायला येणारा मुराळी, भावाची गाडी, वाटेवरची बाभूळ. पुढच्या ओवीत परत विहीर, परत भाऊ, मग लेकराच्या पायातले वाळे. अशी ती विहीर चार-पाचदा आली, आणि दर वेळी त्या ओळीला मागे ओढणारी दुसरी ओळ आली. मी विचारलं, "आजी, तेव्हा खरंच मनात यायचं?" "यायचं ना." "मग?" त्या म्हणाल्या, "दयन बाकी होतं ना, माय."

जातं गेलं, गिरणी आली, बरंच झालं. पहाटे चारला उठून दळण्यात काव्य नाही. आणि ओव्या म्हणणाऱ्याही काही बाया विहिरीत गेल्याच. पण त्या रचनेत एक शहाणपण होतं. मरायचा विचार मोठ्याने म्हणायला जागा होती, शेजारी दुसरी बाई खुंट्याला हात लावून बसलेली होती, आणि ओवी विहिरीवर संपत नव्हती. भुलाबाईच्या गाण्यांतही पोरी सासरच्या छळाची गाणी हसत-खिदळत, खिरापत ओळखत म्हणतात. दुःख सगळ्यांमध्ये म्हटलं की त्याचं वजन वाटलं जातं.

आता यावर संशोधन काय म्हणतं. आत्महत्येच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दाखवलं. त्याची उलट बाजू २०१० मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी मांडली: संकटातून सावरलेल्या माणसाची हकिगत छापून आली तर परिणाम बचावाचा होऊ शकतो. त्याला त्यांनी नाव दिलं पापागेनो परिणाम. पापागेनो हे मोत्झार्टच्या १७९१ च्या संगीतनाटकातलं पात्र. प्रेयसी मिळणार नाही म्हणून तो मरायला निघतो, तेव्हा तीन मुलं येऊन त्याला आठवण करून देतात, अरे, तुझ्याजवळ त्या घंटा आहेत, वाजव ना. आमच्या आजींचा मुराळी आणि हे तीन पोरगे एकच काम करतात.

गाण्याबद्दलचा सर्वात चांगला पुरावा अमेरिकेतला आहे. लॉजिक नावाच्या रॅप गायकाने २०१७ मध्ये एक गाणं काढलं, त्याचं नावच तिथल्या मदतवाहिनीचा फोन नंबर. सुरुवातीला गाणारा मरू इच्छितो, मध्ये फोन उचलणारा बोलतो, शेवटी तो जगायचं म्हणतो. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या अभ्यासानुसार, हे गाणं सर्वाधिक गाजलं त्या एकूण ३४ दिवसांत त्या नंबरवर अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले, आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ ने कमी नोंदल्या गेल्या. गाण्यानेच त्या टळल्या असं छातीठोक म्हणता येत नाही, अभ्यासाची पद्धतच तशी आहे. पण गाणी फक्त बिघडवतात हा समज त्याने मोडला. बंदीचं म्हणाल तर बीबीसीने १९४१ मध्ये अशाच एका उदास गाण्यावर बंदी घातली आणि ती २००२ पर्यंत ठेवली. त्याने गाणं विस्मरणात गेलं नाही, उलट त्याच्याभोवती दंतकथा वाढल्या. तुमच्याकडेही तेच होईल. गॅदरिंगमध्ये बंद केलं की पोरं पानठेल्यावर वाजवतील.

स्टेटसबद्दल. उदास गाणं ठेवणारा प्रत्येक पोरगा धोक्यात नसतो. सोयाबीनच्या दिवसांत हडंब्यावर (मळणीयंत्रावर) कामाला जाणारा एकोणीस वर्षांचा एक पोरगा माझ्याकडे आला तो त्याच्या मित्रामुळे. मी मित्राला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, गाणं तर सगळेच ठेवतात मॅडम, पण यानं क्रिकेटले येणं बंद केलं अन् आपला ब्लूटूथ स्पीकर मले देऊन टाकला. स्पीकर हातात आल्यावर त्याने आडवळणाने न जाता विचारलं, "मरायचा विचार येते का बे तुले?" असं विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही आपल्याकडची सर्वात घट्ट भीती आहे आणि ती चूक आहे. विचारल्याने माणूस सुटतो. तो पोरगा रडला. मित्र त्याला एकटं न सोडता रात्रभर बसून राहिला, त्याच्या भावाला सांगून घरातली फवारणीची औषधं दुसरीकडे हलवली, आणि सकाळी दोघांनी मिळून १४४१६ लावला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा हा नंबर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, दिवस-रात्र लागतो, मराठीत बोलतात. नुसता नंबर भिंतीवर चिकटवून उपयोग नाही, वर्गासमोर स्पीकरवर एकदा लावून दाखवा. फोन लावायचीही लाज असते, ती अशी जाते.

तर गॅदरिंगला काय करायचं. मरण स्टेजवर दाखवू नका, साधन तर नाहीच नाही. चिठ्ठी वाचून दाखवू नका. ज्या मुलांच्या घरी असं झालंय त्यांना आदल्या आठवड्यात बाजूला घेऊन सांगा की असा कार्यक्रम आहे, बसायचं नसेल तर बसू नको, आणि त्यावर त्यांचं मत विचारा. मला मिळालेल्या उत्तम सूचना त्यांच्याच आहेत. आणि 'गुन्हा' हा शब्द निवेदनातून काढा. मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ मे २०१८ मध्ये लागू झालं. प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच ते धरून चालतं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम मानतं.

एका शाळेत आम्ही हे करून पाहिलं. पोरांनी आधी कुरकुर केली, "मंग बक्षीस कसं भेटन?" मी म्हटलं, तुमच्या गावात पोळ्याला झडत्या होतात ना? आपल्याकडची झडती म्हणजे भर तोरणाखाली, बैलांच्या साक्षीने, सरकारला, व्यापाऱ्याला, शेजाऱ्याला, देवालाही ठणकावून सुनवायचं, आणि शेवटी 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव'. तिथला शेतकरी कर्जात बुडालेला असला तरी तोंडाने खमका असतो. पोरांचे डोळे चमकले. तीन कडवी तशीच ठेवली. चौथ्यात तो धुऱ्यावर एकटा बसलेला, शेजारी तंबाखू मागायला येतो, त्याचं तोंड पाहून चुना मळता मळता विचारतो, "काऊन बे, काय चाललं डोक्यात?" आणि बराच वेळ दोघं काही बोलत नाहीत. ती शांतता पोरांना जमता जमेना, तालमीत कुणीतरी हसायचंच. मग हळूहळू झडत्यांची जुगलबंदी सुरू होते, कापसाचा भाव, विमा, बोगस बियाणं, सगळ्यांचा उद्धार. शेवटी हॉलमधली माणसंच 'हर हर महादेव' ओरडली.

तिसरं बक्षीस मिळालं. पहिलं दुसऱ्या शाळेला गेलं, त्यांच्या नाचात शेतकरी शेवटच्या कडव्यात मेला.

तुमचं गॅदरिंग जानेवारीत असेल तर मला डिसेंबरात बोलवा, तालमी सुरू व्हायच्या आत. आणि परीक्षक कोण आहेत तेही आधी कळवा, त्यांच्याशीही अर्धा तास बोलायचं आहे.